फाइलीचं पूर्ण नाव

दुष्काळाच्या त्या वर्षी आमच्या ऑफिसनं पाण्याच्या टँकरसाठी एक छोटा प्रोग्रॅम केला होता. ऑफिस क्रांती चौकाजवळ, एका लॅबच्या वर. प्रोग्रॅम म्हणजे कन्सोल अॅप्लिकेशन, ना बटणं ना रंग. काळ्या खिडकीत गावाचा नंबर टाकला की टँकरची पावती निघायची. गावांची नावं वेगळ्या फाइलीत होती, आणि पाणी भरायच्या ठिकाणचे लोक पेनड्राइव्हवर नुसता प्रोग्रॅम उचलून न्यायचे. फाइल मागंच राहायची. मग फोन यायचा, "मॅडम, गावच नाय दाखवत." शेवटी वैतागून मी ती फाइल प्रोग्रॅमच्या पोटातच घातली. प्रोजेक्टमध्ये फाइल जोडायची आणि तिच्यापुढं 'एम्बेडेड रिसोर्स' निवडायचं, की ती प्रोग्रॅमसोबतच जाते. फोन थांबले.

त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं. तांदळाच्या ताटात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं गेलं. मी ते वाचलं, लाजले आणि विसरले. सासर शहराच्या टोकाला, नव्या प्लॉटिंगमध्ये. घरं झाली होती, नळ यायचे होते. टँकर आला की ज्याचा पाइप आधी लागेल त्याचा ड्रम भरायचा.

एका सकाळी सासूबाई गेटवरून हाका मारत होत्या. मी गच्चीवर मिरच्या पसरत होते. हाका ऐकू येत होत्या, पण ते नाव शेजारच्या कुणाचं असेल म्हणून मी वळलेच नाही. टँकर रिकामा होऊन निघून गेला.

"लई हाका मारल्या! ऐकू येत नाय का?"

"मला वाटलं, दुसऱ्या कुणाला..."

"दुसरी कोण हाय या घरात?"

पुढचा टँकर येईपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मला राग आला होता. मला माझं नाव परत हवं होतं आणि ते मागायचं कसं, हे कळत नव्हतं.

त्याच सुमारास प्रोग्रॅमही रुसला. गावं वाढली म्हणून आवराआवर करताना मी ती फाइल नव्या फोल्डरात हलवली होती. आता प्रोग्रॅम म्हणे, अशी फाइलच नाही. उघडून पाहिलं तर पोटात होती की! दुपारपर्यंत डोकं आपटल्यावर शेजारच्या टेबलावरच्या सीनियर बाईंनी खुर्ची ओढली. त्यांना आम्ही आपा म्हणायचो.

"अंदरिच है वो. तू पुराने नाम से बुलारी."

आत गेलेल्या फाइलीला पूर्ण नाव असतं: आधी प्रोजेक्टचं, मग फोल्डरचं, मग तिचं स्वतःचं. फोल्डर बदललं की हे नाव बदलतं, आणि जुन्या नावानं कितीही बोलवा, ती सापडत नाही.

"मग हलवली की दरवेळी बदलायचं?"

"कायकू? एक पक्का नाम दे दे. फिर किधर भी रख."

प्रोजेक्टच्या फाइलीत 'लॉजिकल नेम' म्हणून एक ओळ लिहायची, बस. प्रोग्रॅम चालला. मी इतकी हसले की आपा घाबरल्याच.

संध्याकाळी सासूबाई मेथी निवडत होत्या. मी समोर बसले आणि धीर करून म्हणाले, "आई, मला आधीच्या नावानं हाक मारा ना. लगेच येईन."

"असं कुठं असतंय व्हय? माझं बी बदललं व्हतं."

"आधीचं काय होतं?"

त्यांनी दाराकडं पाहिलं आणि अगदी हळू सांगितलं. त्या घरात ते कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यांच्या पोटच्या मुलालाही नाही. नीट ऐकू आलं की नाही अशी शंका आली, म्हणून मी ते नाव मोठ्यानं म्हणून पाहिलं.

"ओ," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच दचकल्या.

त्यानंतर त्यांनी मला आधीच्याच नावानं हाक मारली, नव्या नावानं कधीच नाही.