खड्ड्यात साठलेला वायू

सोलापूरजवळच्या एका साखर कारखान्यात मी शेवाळ वाढवायची नोकरी करते. ऐकणाऱ्याला हसू येतं, मग समजावून सांगावं लागतं. मळीपासून अल्कोहोल बनताना कार्बन डायऑक्साइड निघतो. तो हवेत न सोडता आम्ही पाइपातून हौदांत आणतो. त्यावर शेवाळ पोसतं आणि त्यातून आम्ही निळा रंग काढतो. खाण्याच्या पदार्थांत वापरतात तो. त्याला भावही चांगला मिळतो.

गेल्या एप्रिलमध्ये एका सकाळी दुसऱ्या हौदातले बुडबुडे थांबले. उन्हाळ्यात शेवाळ आधीच नाजूक असतं. माझ्यासोबत काम करणारा ऑपरेटर मोहोळकडचा, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा. तो म्हणाला, "पाइप ढिला झाला आसंल मॅडम. खाली बघून येतो की."

पाइपांसाठी हौदाशेजारी पुरुषभर खोल खड्डा होता. तो शिडीने उतरला. थोड्या वेळाने पान्हा पडल्याचा आवाज आला. मी हाक मारली. उत्तर नाही. वाकून पाहिलं, तर तो भिंतीला टेकून बसला होता आणि मान छातीवर पडली होती.

मी शिडीवर पाय ठेवला, तेवढ्यात मागून कुणीतरी दंड घट्ट धरला. आमचे शिफ्ट इनचार्ज. "बाई, उतरू नका! खाली गॅस साठलाय, तुम्हीपण पडाल!"

हा वायू हवेपेक्षा जड असतो, तळाशी साठतो, हे मी कॉलेजात शिकले होते. पण त्या क्षणी मला फक्त त्याची मान दिसत होती.

त्यांनी धावत जाऊन मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. मी शेवाळ वाळवायच्या शेडमधला ब्लोअर ओढत आणून खड्ड्यात हवा सोडली. सेफ्टीचा माणूस तोंडाला हवेचा मास्क लावून, कमरेला दोर बांधून उतरला. त्याने ऑपरेटरला दुसरा दोर बांधला आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्या पोराला वर ओढलं. तो श्वास घेतोय की नाही, तेच मला कळेना.

अँब्युलन्समध्ये त्याने डोळे उघडले, उलटी केली आणि पुटपुटला, "मी कुटं हाय?" मला रडू फुटलं.

दवाखान्यात त्याची बायको आली. तो बोलतोय हे बघितल्यावर ती माझ्याकडे वळली. "मॅडम, त्या शेवाळासाठी माझा माणूस गेला असता की वो." मी तिचा हात धरून उभी राहिले.

आता ते पाइप जमिनीवरून नेलेत, खड्डा बुजवलाय, आमच्या कमरेला वायू मोजायचं यंत्र आहे. तो कामावर परतलाय, चेष्टामस्करीही करतो. शेवाळ त्या उन्हाळ्यात तगलं. तरीही तो हौदामागे दिसेनासा झाला की मी हातातलं काम टाकून त्याला हाक मारते. "हाय की मॅडम, हितंच हाय," तो ओरडतो. मग मी कामाला लागते, पण कान तिकडेच असतात.