संतांच्या पुस्तकांची शेवटची पानं

रविवारची मिस्सा संपली की मोठी माणसं चर्चसमोरच्या लिंबाखाली बोलत उभी राहतात आणि मुलं मागच्या खोलीत पळतात. तिथे आमचं वाचनालय आहे. दोन लोखंडी कपाटं, एक सतरंजी आणि सिस्टर ल्युसी, एवढंच. मी पुस्तकं लावायला सिस्टरना मदत करते. मी फार बोलत नाही, आणि न बोलणाऱ्या मुलीसमोर लोक काहीही बोलतात! म्हणून माझ्याकडे एकावर एक किस्से साठत गेले आहेत. सुरुवात मार्था मावशींपासून करते, कारण त्या सगळ्यांच्या आधी येतात.

*

मार्था मावशी म्हणजे आमच्या वाचनालयातल्या सगळ्यात खोडकर मुलाची, रोहनची आई. सिस्टर प्रत्येक पुस्तक आधी स्वतः वाचतात. मुलांच्या हातात देण्याजोगं वाटलं, तरच ते कपाटात जातं. तरी मावशींची खात्री पटत नाही.

एकदा त्या म्हणाल्या, "सिस्टर, असं पुस्तक द्या की वाचलं की पोरगं सुधरंल."

सिस्टरनी दोन पुस्तकं काढली. "एक रोहनला, एक तुम्हाला."

मावशी दोन पावलं मागे सरकल्या. "मला कशाला? मला कुठं सुधरायचंय!"

*

आमच्याकडच्या कॅथलिक घरांत संध्याकाळी जपमाळ होते. ती संपली की घरातल्या सगळ्यात लहान वाचणाऱ्याने संतांच्या पुस्तकातलं एक पान मोठ्याने वाचायचं, अशी सिस्टरनी पद्धत पाडली आहे. तेवढा वेळ टीव्ही बंद.

रोहनच्या वाट्याला एक फार उदार संत आले. जवळ असेल ते गरिबांना देऊन टाकणारे. पहिल्या दिवशी रोहनने डबा देऊन टाकला. सगळ्यांनी कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी त्याने ऊसतोडीला आलेल्या एका आजोबांना बाबांचा नवा स्वेटर दिला. बाबांनी तो अजून एकदाही घातला नव्हता!

रविवारी त्याचे बाबा स्वतः पुस्तक परत करायला आले. ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "सिस्टर, पुस्तक चांगलंच हाय. पण एखादा जरा कमी उदार संत असंल तर बघा की!"

*

सेलिना दुसरीत आहे. तिची आई, मोनिका काकू, उन्हाळ्याच्या सुट्टीत आजारी पडली आणि नगरच्या दवाखान्यातून घरी आलीच नाही. त्यानंतर सेलिना बरेच दिवस वाचनालयात आली नव्हती. आली ती एकटीच, कपाटासमोर उभी राहिली आणि सगळ्यात पातळ पुस्तक घेऊन गेली.

पुढच्या रविवारी तिने ते परत केलं. सिस्टर सगळ्यांना विचारतात तसं तिलाही विचारलं, "वाचलंस का पूर्ण?"

"शेवटचं पान सोडून."

"का गं?"

"शेवटच्या पानावर मरत्यात."

 मुलं गेल्यावर सिस्टर आणि मी कपाटासमोर बसलो आणि एकेक पुस्तक मागून उघडून पाहिलं. कुणी तुरुंगात, कुणी आजाऱ्यांची सेवा करता करता, कुणी म्हातारपणी शांतपणे. पण शेवटच्या पानावर सगळेच.

सिस्टर म्हणाल्या, "इतकी वर्षं मी ही पुस्तकं देते. हे माझ्या कधी लक्षातच आलं नाही बघ."

*

मग सिस्टरनी सेलिनासाठी महापुरातून प्राणी वाचवणाऱ्या नोहाच्या तारवाचं, म्हणजे मोठ्या नावेचं, चित्रांचं पुस्तक काढलं. हत्ती, जिराफ, कबुतर, वर इंद्रधनुष्य. शेवटच्या पानावर सगळे जिवंत! सिस्टर खुशीत होत्या.

सेलिनाने तिथेच सतरंजीवर बसून ते पूर्ण वाचलं. शेवटचं पानसुद्धा. मग पुन्हा मधलं पान उघडलं. त्यावर नुसतं निळं पाणी होतं.

"सिस्टर, जे तारवात न्हाई बसले, ते कुठं गेले?"

 सिस्टरनी पुस्तक तिच्याकडून घेतलं आणि स्वतःच कपाटात ठेवलं. ते अजून तिथेच आहे. ते काही त्यांनी परत कुणाला सुचवलेलं नाही.

*

यानंतर सिस्टरना एक युक्ती सुचली. त्यांनी सेलिनाला आवडतील अशा पुस्तकांच्या शेवटच्या पानाला क्लिप लावली. म्हणजे चुकून तिच्या नजरेला पडायला नको.

पण बाकीच्या मुलांना वाटलं, त्या पानावर नक्की काहीतरी आपल्याला न दाखवण्यासारखं आहे! पुढच्या रविवारी क्लिपवाल्या पुस्तकांसाठी भांडणं झाली. जी पुस्तकं कित्येक महिने कुणी हातात घेतली नव्हती, ती एका सकाळीत गेली. आणि सगळ्यांनी वाचलं काय, तर फक्त शेवटचं पान!

मार्था मावशी तर मिस्सा संपल्या संपल्या उठून आल्या. दारातून कुजबुजत म्हणाल्या, "सिस्टर, खरं सांगा, कुणाबद्दल काय लिव्हलंय त्या पानावर?"

क्लिप न काढता पुस्तक परत केलं ते एकट्या सेलिनाने.

*

सेलिनाचे बाबा, रेमंड काका, दुधाचा टेम्पो चालवतात. रोज संगमनेरला जाऊन येतात. एका रविवारी ते वाचनालयाच्या दारात उभे राहिले. आत येईनात. सिस्टरच बाहेर गेल्या. मी दाराशीच पुस्तकं पुसत होते.

"सिस्टर, घरात रोज जपमाळ होती, पण वाचन बंदच हाय. आधी मोनिका वाचायची, मग सेलू तिच्यामागनं. आता मी वाचाय घेतलं तर पोरगी म्हणती, पप्पा, तुमी टेम्पोचा हॉर्न वाजवल्यागत वाचता."

सिस्टर हसल्या. काका पण थोडं हसले. मग म्हणाले, "आईचं नावच घेत न्हाई ती. माती द्यायला आली, तेवढंच. त्यानंतर कबरस्तानाच्या रस्त्यानं सुदिक जात न्हाई, शाळंला लांबनं जाती. दोन नोव्हेंबरला मृतांचा दिस आला की सगळं गाव तिथं असंल. तिला कसं न्यायचं? आन् एकटीला घरी तरी कसं ठिवायचं?"

सिस्टर "ओढून नेऊ नका," एवढंच म्हणाल्या.

*

ऑक्टोबरमध्ये एका संतांचा सण होता. सिस्टरनी मुलांना केक दिला आणि सांगितलं, "आपण बहुतेक संतांचा सण त्यांच्या जन्मदिवशी करत नाही. ते वारले त्या दिवशी करतो. कारण तो त्यांचा स्वर्गातला वाढदिवस."

सगळ्यांनी माना हलवल्या. सगळ्यांचं लक्ष केककडे होतं.

सेलिनाने तिचा तुकडा खाल्ला नव्हता. ती म्हणाली, "मग आईच्या वेळी सगळे रडत का हुते?"

इतक्या महिन्यांत आम्ही तिच्या तोंडून 'आई' हा शब्द पहिल्यांदाच ऐकला.

सिस्टर तिच्याजवळ सतरंजीवर बसल्या. म्हणाल्या, "कारण आम्हाला ती इथे हवी होती."

 मग सेलिनाने केक खाल्ला.

*

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आमचं अख्खं गाव दुपारी कबरस्तानात असतं. आधी गवत काढतात, कबरींना चुना देतात, मग झेंडूची फुलं आणि मेणबत्त्या. फादर प्रार्थना म्हणत प्रत्येक कबरीवर पवित्र पाणी शिंपडत जातात.

मी आणि सिस्टर माझ्या आजोबांच्या कबरीशी होतो. दोन कबरी सोडून रेमंड काका एकटेच मेणबत्ती लावत होते. वारा होता, ती सारखी विझत होती. सेलिना फाटकापाशी उभी होती. ती आत येईना, आणि कुणी तिला हाकही मारली नाही.

फादर पुढच्या रांगेत गेले तेव्हा ती आत आली. चपला काढून आईच्या कबरीजवळ बसली आणि दप्तरातून आमच्याकडचं एक पुस्तक काढलं. शेळ्या राखणाऱ्या एका संत मुलीचं होतं. बोट ठेवून, एकेक शब्द जुळवत, तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. रेमंड काकांच्या हातातली काडी तशीच विझली.  मार्था मावशींनी रोहनला जवळ ओढून घेतलं.

सेलिनाने एकही पान गाळलं नाही. शेवटच्या पानाशी आली, क्लिपवर बोट ठेवलं आणि पुस्तक मिटलं.

"पुढचं तुला माहीतच हाय," ती म्हणाली.