जयंतीभाईंच्या हातातला फडका

मंडळी, आज मी सूड उगवला.

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी आमच्या डहाणूच्या गवताच्या वखारीत आगीची घंटा बसली. छताला आतून लावलेल्या पत्र्याच्या डब्या तापल्या की ती वाजते. तिची निगा माझ्याकडे.

यंदा दिवाळीला वखार रंगवताना मुकादम जयंतीभाईंनी, मी नको नको म्हणत असताना, डब्यांवरही जाड चुना मारून घेतला. आठवड्यात आग लागली, पण चुन्याखालच्या डब्या तापल्या नाहीत, घंटा वाजलीच नाही. माझ्या भावाचे हात भाजले. वर जयंतीभाईंनी मलाच कामचुकार ठरवलं.

आज वखारीच्या साहेबांसमोर घंटेची तपासणी होती. उकळत्या पाण्यात बुडवलेला फडका देऊन मी जयंतीभाईंनाच शिडीवर चढवलं. "डबीला लावा. घंटा वाजेपर्यंत सोडू नका."

त्यांची बोटं पोळली. "अरे, वाजणार कधी?"

"चुना निघेल तेव्हा."

तुम्ही 'सोडा' म्हटलं असतं?