रोपाला नाव द्या

खराडीतल्या एका कंपनीत मी मोबाइल अ‍ॅपचे पडदे आखते. कुठलं बटण कुठे असावं, त्यावर शब्द कोणते, ते दाबलं की पुढे काय दिसावं, हे ठरवायचा मला पगार मिळतो. मध्यंतरी आमच्याकडे घरच्या घरी भाजी पिकवणाऱ्यांसाठी अ‍ॅप करायचं काम आलं. गॅलरीत, गच्चीवर, कुंडीत नाहीतर रंगाच्या रिकाम्या डब्यात आपण काय लावलंय ते माणसाने सांगायचं, आणि अ‍ॅपने त्याला पाण्याची, खताची आठवण करून द्यायची. मराठी आवृत्ती माझ्या गळ्यात पडली, कारण टीममध्ये मराठी पेपर वाचणारी मी एकटीच.

मराठीने आमच्या नाकी नऊ आणले. वापरणाऱ्याने रोपाला दिलेल्या नावापुढे आमची पहिली आवृत्ती सरळ 'ला' चिकटवून मोकळी व्हायची. पडद्यावर आलं, 'वांगंला पाणी द्या'. मी ते विश्रांतवाडीला बाबांना दाखवलं. बाबांनी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "वांगंला पाणी आणि भाषेला तिलांजली. छान चाललंय तुमचं."

मग मी विभक्तीच टाळली. नुसतं नाव, पुढे एक आडवी रेघ आणि 'पाण्याची वेळ'. वांगं असो, घेवडा असो, कोथिंबीर असो, कुठेच अडत नव्हतं. रोप वाळलं तर काय विचारायचं, हाही प्रश्न होता. मेला का, मेली का, मेलं का? तीन लिंगं सांभाळायला कोण बसणार? मी तोड काढली, नावापुढे नुसतं 'जिवंत आहे का?' तिन्हींना चालतं. खाली दोन बटणं, हो आणि नाही. या वाक्यावर मी इतकी खूश होते की घरी नवऱ्यालाही ऐकवलं.

"यूजरने आन्सर दिल्याशिवाय पुढचा स्क्रीन ओपन नको," आमचा टीम लीड म्हणाला. "नाहीतर मेलेल्या झाडांना आपण रिमाइंडर पाठवत बसू."

मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मी तसंच आखलं.

हे सगळं चाललं होतं तेव्हा आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. बाबा विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये एकटे. आमच्याकडे चला म्हटलं की म्हणायचे, "तुमच्या अकराव्या मजल्यावर मला वाळत घालू नकोस." फोन केला तर "बरा आहे" एवढं बोलून ठेवून द्यायचे. बरा म्हणजे काय? जेवतात का, की चहावर दिवस काढतात? सकाळी उठतात, की छताकडे बघत पडून राहतात? आईच्या मागे हा माणूस हळूहळू विझत जाईल आणि मला कळायचंसुद्धा नाही, ही भीती माझ्या मनात घर करून होती. दुसरं कुणी नव्हतं त्यांना. माहेरचं मलाही.

म्हणून चाचणीसाठी तयार केलेलं अ‍ॅप मी त्यांच्या फोनमध्ये टाकलं. आईची गॅलरी होतीच. तिच्या कुंड्यांचं पाणी खाली गळायचं म्हणून खालच्या बिऱ्हाडाने जिन्यात पाटी लावली होती, 'वरच्या शेतकऱ्यांनी सिंचन मर्यादेत करावे.' आई गेल्यावर ती पाटी त्यांनी आपणहून काढली. मला त्या काढलेल्या पाटीचं पाटीपेक्षा जास्त वाईट वाटलं होतं.

बाबांना मी सांगितलं, चाचणीला माणसं हवीत. खरी गोष्ट अशी की चाचणीतल्या प्रत्येकाने कोणतं बटण दाबलं ते मला ऑफिसात दिसायचं. सकाळी त्यांच्या ओळीत 'पाणी दिले' उमटलं की मला कळायचं, बाबा उठलेत, गॅलरीपर्यंत गेलेत, कुंडीशी वाकलेत. त्यानंतर मला चहा गोड लागायचा.

रोपांना नावं आम्ही दोघांनी बसून दिली. मेथीला मेथी, टोमॅटोला टोमॅटो. मिरचीच्या कुंड्या दोन होत्या. एक बाबांनी आणलेली, एक आईने स्वतः बी टाकून वाढवलेली. एकच नाव दोनदा दिलेलं अ‍ॅप घेईना. बाबांनी आईच्या मिरचीसाठी एका बोटाने टाइप केलं, 'ही'.

"बाबा, ही म्हणजे कोण?"

"ज्याला कळायचं त्याला कळतं."

कळलंच होतं. बाबांच्या तोंडून आईचं नाव मी कधी ऐकलं नाही. समोर असली की 'अगं', नसली की 'ही'. हिला विचार, हिची भाजी, ही झोपली आहे. हॉस्पिटलच्या खिडकीवर पेशंटचं नाव विचारलं तेव्हासुद्धा त्यांनी माझ्याकडे बघितलं होतं आणि मी सांगितलं होतं.

मग एका सकाळी त्यांची ओळ कोरी राहिली. उशिरा उठले असतील, म्हणून मी मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशीही कोरीच. फोन वाजून वाजून बंद होत होता. मी मीटिंग अर्धी टाकून रिक्षा पकडली. नगर रोडवर गाड्या मुंगीच्या पावलांनी चालल्या होत्या, आणि मी ज्या गोष्टी मनात आणू नयेत त्या सगळ्या आणत बसले होते.

दार बाबांनीच उघडलं. दाढी केलेली, हातात पेपर.

मला भयंकर राग आला. "फोन का उचलत नाही?"

"त्याला हात लावायचा नाही असं ठरवलंय."

टेबलावर पालथा पडलेला फोन त्यांनी माझ्याकडे सरकवला. मी तो सुलटा केला. आईच्या मिरचीची पानं गळताहेत, असं ते अ‍ॅपला रोज इमानाने सांगत आले होते. मी फक्त पाण्याची नोंद बघत होते. अ‍ॅपने मात्र त्यावरून जे विचारायचं ते विचारलं होतं.

'ही जिवंत आहे का?'

खाली हो आणि नाही.

"कालपासून विचारतंय," बाबा म्हणाले. "बंद केलं, परत लावलं, तरी तेच. तुमच्याकडे माणसाला गप्प बसायची सोय नाही का?"

वाक्य माझं होतं. त्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती.

"हॉस्पिटलात तेव्हा मला तूच येऊन सांगितलंस," ते म्हणाले. "आता त्यालाही तूच सांग."

मी फोन घेऊन गॅलरीत गेले. कुंडीतली माती ओली होती, म्हणजे पाणी ते घालत होते. खोड नखाने खरवडून बघा, आत हिरवं असेल तर आशा आहे, ही सूचना मीच अ‍ॅपमध्ये लिहिली होती. मी खरवडलं. आत तपकिरी होतं.

'नाही'वर बोट नेलं आणि पुढचा पडदा आठवला. तोही माझाच. हसऱ्या सूर्याचं चित्र, आणि खाली, 'काही हरकत नाही! चला, नवीन लावू या.' मीटिंगमध्ये तो सगळ्यांना फार आवडला होता. मला स्वतःची किळस आली.

मी 'हो' दाबलं.

पडदा बदलला. 'ही – पाण्याची वेळ'. बाबांनी मागून वाकून वाचलं. पोरांच्या वह्यांतल्या चुका लाल शाईने खुणावण्यात हयात गेलेला माणूस. त्यांनी त्या ओळीत चूक काढली नाही. स्वयंपाकघरातून तांब्या भरून आणला, माझ्या शेजारी वाकून सगळा कुंडीत ओतला.

"घातलं," ते म्हणाले. "दाब आता."