वरची दाढ आणि भिंतीवरचं पत्रक

माझी अक्कलदाढ दुखायला लागली तेव्हा मी अकोल्याच्या बाजारात पत्रकं वाटत होतो. विषय दातांचाच होता. हे लोकांनी मला पुढे पुष्कळदा ऐकवलं.

पत्रकात मी तीन गोष्टी ठणकावून लिहिल्या होत्या. दात किडतो म्हणजे त्यात जिवंत किडा बसलेला नसतो. भुईरिंगणीच्या बियांचा धूर देऊन किडे पाडणाऱ्या बाया लोकांना फसवतात. आणि वरची दाढ उपटली की डोळे जातात, ही समजूत निव्वळ भाकड आहे. सरकारी दवाखान्यात जा, दाढ काढून घ्या, मोकळे व्हा. हे सगळं मला एका कंपाउंडरने समजावून सांगितलं होतं आणि मला ते पटलं होतं. आजही पटतं. पण माझी दाढ वरची निघाली.

त्या हंगामात अमेरिकेतल्या लढाईमुळे आमच्या कापसाला असा भाव आला होता की माणसं झोपेतही कापूसच बोलत. बाजारात गाडीला गाडी लागलेली, हवेत तंतू उडत असलेले. डोळ्यांत सारखं काहीतरी जायचं. डोळ्याला पाणी आलं की मला वाटायचं, दाढेचं मूळ वर सरकलं. मोर्णा नदीच्या काठी उभं राहून मी एक डोळा झाकून पलीकडची बाभूळ पाहायचो, मग दुसरा झाकून. उजव्या डोळ्याने ती जरा पुसट दिसायची. दाढही उजवीच होती. मग स्वतःचाच संताप यायचा. ज्या माणसाने छापून वाटलं, त्याने बाभळी कशाला मोजाव्यात?

अकोल्यातही दवाखाना होता. पण तिथल्या बाकड्यावर बसलेला जो तो मला ओळखणार. मी ओरडलो असतो तर ते संध्याकाळपर्यंत बाजारात पोचलं असतं. म्हणून अमरावती. आमची कापसाची गाडी तिकडे जाणारच होती.

माझी आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, आमच्याच घरी राहायची. आमचं काळ्या मातीचं वावर तिच्याच जिवावर चालायचं. तिची डावीकडची वरची दाढ गेल्या हंगामापासून ठणकत होती. ती एकाच बाजूने भाकर चावायची. पत्रक मी पहिल्यांदा तिलाच वाचून दाखवलं होतं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि कोंबड्यांना दाणे टाकायला उठून गेली होती. आता माझा सुजलेला गाल पाहून ती म्हणाली, "कागदात त लय लिवलं होतं बाप्पा तू. सोताची दाढ आली त असा काहून बसून राह्यला?"

"जाऊन राहिलो ना अमरावतीले," मी म्हणालो. घरात माझी भाषा आपोआप घरचीच व्हायची. "तूबी चाल."

"आधी तुह्यी निघू दे. तुह्ये डोये राह्यले त मंग पाहू."

म्हणजे माझ्या डोळ्यांवर तिच्या दाढेचा निकाल लागणार होता. पत्रकात मी अशा लोकांना अडाणी म्हटलं होतं. तिला मात्र तसं म्हणता येईना.

गाडी निघायच्या वेळी पाहतो तर आत्या आधीच कापसावर चढून बसलेली.

"मी बी येतो," ती म्हणाली. काहून म्हणून विचारलं तर, "कापूस विकाले."

गाडी आमचा सालदार, म्हणजे सालाने ठेवलेला गडी, हाकत होता. वाटेत मी उगाच डोळे चोळत बसलो की तो मागे न पाहता म्हणायचा, "डोये जाऊन राह्यले असन त सांगा, भाऊ. रस्ता मी पाहतो." आत्या तोंडाला पदर लावून हसायची, आणि हसताना तिचीही दाढ कळ काढायची.

मूर्तिजापूरच्या मुक्कामाला धूर देणारी बाई भेटली. भेटली कसली, आत्यानेच सालदाराला तिच्या पालासमोर गाडी थांबवायला लावली. मी खाली उतरून वाद घालायला सुरुवात केली. पत्रकाचा एक गठ्ठा सोबत होताच. बाईने एक कागद घेतला, उलटासुलटा पाहिला आणि निखारा फुलवायला त्यानेच वारा घातला.

तिने तुपात कालवलेलं भुईरिंगणीचं बी निखाऱ्यावर टाकलं, त्यावर बुडाला भोक पाडलेलं गाडगं पालथं घातलं आणि भोकात बोरूची नळी बसवली. नळीखाली पाण्याची परात. मी लिहिलं होतं की या बाया किडे मुठीत लपवून आणतात. म्हणून मी तिच्या हातांवरून नजर हटवली नाही. हात कोपरापर्यंत उघडे होते आणि मूठ रिकामी. आत्याने नळीला तोंड लावायच्या आधीच पांढरा तंतूसारखा एक तुकडा पाण्यात पडला.

"पाह्यलं?" मी म्हणालो. "हे बियातून पडलं. दाताचा काही संबंध नाही."

बाई शांतपणे म्हणाली, "हाव. बियातूनबी पडते, दातातूनबी पडते. तुले कोनतं पाह्यजे?"

चोराला पकडायला जावं आणि त्यानेच दार उघडून बसा म्हणावं, तसं झालं. आत्याने धूर घेतला, लाळ गाळली, परातीत आणखी पांढरे तुकडे दिसले. तिचा ठणका बसला. मग ती म्हणाली, "आता तू."

मी बसलो. पाहणी म्हणून बसलो, असं मनाशी म्हटलं. धुराने तोंड बधिर झालं, डोळ्यांतून धारा लागल्या, आणि ठणका खरोखरच बसला. इथे माझी पुरती गाळण उडाली. दुखत नाही तर अमरावतीला जायचं कशाला? आणि धुराने दुखणं गेलं म्हणायचं तर पत्रकाचं काय करायचं? मी आत्याला म्हणालो, "आता बरं वाटून राहिलं. परत जाऊ."

मला वाटलं, ती ताबडतोब गाडी वळवेल. ती म्हणाली, "निघालो आहो त जाऊ." आणि कापसावर आडवी झाली.

बडनेरा मागे पडेस्तोवर ठणका पुन्हा सुरू झाला, पहिल्यापेक्षा जोरात. तेव्हा जरा धीर आला. निदान दुखणं तरी पत्रकाच्या बाजूने होतं.

अमरावतीच्या दवाखान्यात लांबट खोली, एक खिडकी, खिडकीशी खुर्ची. शेजारच्या टेबलावर दात उपटायचे जंबुरे ओळीने मांडलेले. डॉक्टर दक्षिणेकडचे असावेत, मराठी तुटक बोलत. त्यांनी माझ्या तोंडात पाहिलं आणि म्हणाले, "वरची. काढावी लागेल. बसा."

माझे पाय खुर्चीकडे वळेनात. बाकड्यावर आत्या होती, इतरही माणसं होती. मी आवाज खाली आणून विचारलं, "साहेब, याने डोळ्यांना काही...?"

डॉक्टरांनी मान वर केली नाही. जंबुऱ्यानेच माझ्या मागची भिंत दाखवली. "वाचता येतं ना? तिथे लिहिलं आहे."

भिंतीवर माझं पत्रक चिकटवलेलं होतं.

मी ते वाचलं. सगळं वाचलं, जसं काही दुसऱ्या कुणी लिहिलं आहे. ठाम होतं. वाक्यं चांगली होती. ज्याने लिहिलं त्याला सगळं माहीत असावं असं वाटत होतं. मी डॉक्टरांना विचारत होतो आणि डॉक्टर मला विचारा म्हणत होते. मग खरं कुणाला माहीत होतं? तो कंपाउंडर तरी कुणाला विचारून बोलला होता?

एवढ्यात आत्या उठली. मला बाजूला सारून खुर्चीत जाऊन बसली. "आधी मले," ती डॉक्टरांना म्हणाली. "डावीकडची. वरचीच हाय."

मी काही बोलायच्या आत तिने तोंड उघडलं होतं. तिने खुर्चीचा हात धरला. ओल्या जमिनीतून कापसाची पऱ्हाटी उपटताना येतो तसा आवाज आला. ती ओरडली नाही. कापूस तोंडात कोंबून ती उठली, कनवटीला बांधलेला आमच्याच गाडीतला बोंडभर कापूस काढला आणि खिडकीशी गेली. एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा. कापसात अडकलेला पानाचा बारीकसा तुकडा तिने नखाने अचूक उचलला आणि मला दाखवला. मग हनुवटीने खुर्ची दाखवली.

मी बसलो. बाकीचं लिहिण्यासारखं नाही. ओरडलो एवढं खरं. अमरावतीत मला कुणी ओळखत नव्हतं.

परतीच्या वाटेवर आत्याला नीट बोलता यायला लागलं तेव्हा मी विचारलं, "पत्रक पटलं म्हणून बसली ना तू आधी?"

"नाई."

"मंग?"

"माह्ये गेले असते त गेले असते. मले कापूस हातानं समजते. तुले कागद वाचा लागते."

तिने माझ्या एका शब्दावरही विश्वास ठेवला नव्हता, आणि तरी खुर्चीत आधी ती बसली. हा माझा विजय की पराभव, तेव्हा समजलं नाही. आजही नीट समजत नाही. पत्रकात यासाठी रकाना नाही.

घरी आल्यावर आमची दोघांची दाढ गेली आणि डोळे शाबूत, ही बातमी गल्लीत पसरली. मला वाटलं, आता तरी. पण आत्या ओसरीवर बसून जो येईल त्याला सांगत होती, "आधी धूर घेतला, म्हून डोये वाचले." मी दोनदा तिला अडवलं. ती म्हणाली, "तूबी त घेतला होता ना?"

पुढच्या आठवड्यात शेजारच्या तीन बाया दाढा काढायला तयार झाल्या. इतक्या पत्रकांनी एकही झाली नव्हती. अकोल्याचा दवाखाना त्यांना नको होता, आत्या गेली तीच वाट हवी होती. त्यांना घेऊन मीच अमरावतीला निघालो, गाडी तीच, सालदार तोच. मूर्तिजापूर आलं. पाल दिसलं. बाया उतरायच्या तयारीला लागल्या. गाडी थांबवू नको, असं सालदाराला सांगायला मी तोंड उघडलं, दाढेच्या रिकाम्या जागेत जीभ गेली, आणि तोंड मिटलं.

सालदाराने गाडी थांबवली.