कराचीचा मामा

“मामा कराचीत? आणि नाव करीम पिंजारी?” साहेबांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. “पाटलाच्या पोराचा मामा मुसलमान कसा? काहीतरी लपवतोय लेकाचा.”

लपवायचं असतं तर फॉर्मात कशाला लिहिलं असतं, हे मी मनातच म्हटलं. गोष्ट पन्नासच्या दशकातली. मी जळगावला पोलिसांच्या खास शाखेत हेडकॉन्स्टेबल होतो. धरणगावजवळच्या सुपडू पाटलाला दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात क्लार्कची नोकरी लागली होती. अशा नोकरीआधी व्हेरिफिकेशन होई. म्हणजे गावात जायचं, माणूस कसा आहे बघायचं, परदेशात नातेवाईक कोण ते विचारायचं. पाकिस्तानात कोणी निघालं की फाइल तिथेच आडवी. साहेबांचा जावई लंडनला होता, त्याचा फोटो मात्र टेबलावर ताठ उभा असे.

सुपडूची आई धोंडाबाई अंगणात शेंगा फोडत बसली होती.

“करीम तुमचा कोण?”

“भाऊ.”

“सख्खा?”

“भाऊ म्हंजे भाऊ. तुमना गावमा कशा ऱ्हातस?”

हळूहळू उलगडा झाला. धोंडाबाईला भाऊ नव्हता. लग्नात नवरदेवाचा कान पिळायला नवरीचा भाऊ लागतो. शेजारच्या पिंजाऱ्याचा, म्हणजे कापूस पिंजणाऱ्याचा, करीम पुढे झाला. त्यानं कान पिळला, मानाचा फेटा घेतला आणि पुढे दर भाऊबीजेला येत राहिला. फाळणीनंतर सासरच्या माणसांबरोबर कराचीला गेला. सुपडू लहानपणापासून त्याला मामाच म्हणायचा. फॉर्मातही तेच लिहून मोकळा झाला.

“मना कान आजून लाल शे, सायेब!” सुपडूचे वडील ओसरीवरून ओरडले.

पोस्टातही चौकशी केली. वर्षाला एक पत्र, त्यात पाऊस आणि तब्येत. पोस्टमनला पाठ होतं.

मग मी शहाणपणा केला. “अक्का, करीम माझा कोणी नाही, एवढंच लिहून द्या. अंगठा लावा, पोराचं काम होईल.”

“माय, कागदच शे ना?” सुपडू हळूच म्हणाला.

धोंडाबाईनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. “नोकरी गई ते जाऊ दे. जित्ता भाऊले मी कागदवर मारू का?”

मला लाज वाटली, सरळ सांगतो. पोरगा मान खाली घालून उभा. मी नियम पुन्हा वाचला. त्यात जवळचा नातेवाईक म्हणजे रक्ताचा किंवा सोयरिकीचा.

“अक्का, तुमच्या आईला लेकरं किती?”

“मी एकलीच.”

“हे लिहू?”

“लिख. खरंच शे.”

तिनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. करीमला नाकारलेलं नाही, याची खात्री झाल्यावरच अंगठा उठवला. रिपोर्टात मी करीमचंही लिहिलं: मानलेला भाऊ, रक्ताचं नातं नाही, पत्रं घरगुती.

साहेब वैतागले. “मग हा मामा आहे की नाही?”

“सरकारला नाही, साहेब. धोंडाबाईला आहे.”

“आणि मी काय करू?”

“सही.”

साहेब हसले नाहीत, पण सही केली. सुपडू महिनाभरात रुजू झाला.

पुढे कित्येक वर्षं मी हेच काम केलं. समोरचा माणूस खोटं बोलायला तयार नसेल, तर आपलाच प्रश्न चुकलेला असतो. हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं नाही. अंगठा उठवणाऱ्या बाईनं शिकवलं, आणि तेही मला चहासुद्धा न विचारता.