बरणीतल्या मुंग्या

“अहो, तुमच्या बरणीत मुंग्या शिरल्या! सगळी अंडी फस्त केली त्यांनी!” बायको पडवीतून अशी ओरडली की आमच्या पोशेरा गावातला आवाज सूर्यमाळच्या डोंगराला आपटून परत आला.

घराच्या करवीच्या काड्यांच्या कुडावर सापडलेली, पुढचे पाय जोडून बसणाऱ्या प्रार्थना कीटकाच्या अंड्यांची ती सुकल्या फेसासारखी पुडी मी महिनाभर पोटच्या पोराहून जास्त जपली होती. पिल्लं वाढवून त्यांची जात ओळखून दाखवीन, असं अख्ख्या मोखाडा बाजाराला सांगूनही बसलो होतो. धावत जाऊन पाहतो, तर बरणीभर काळ्या मुंग्या. भिंग लावलं तरी मुंग्याच! पण आत शिरल्या कुठून? बरणीला फडकं तर घट्ट बांधलेलं. डोकंच चालेना. रागाच्या भरात बरणी अंगणात झटकली आणि कोंबड्यांची दिवाळी झाली.

एक मुंगी तेवढी माझ्या मनगटावर राहिली. मी हात फिरवला, तशी तिने पुढचे पाय जोडून मान वळवली आणि थेट माझ्याकडे बघितलं. मी घाबरून शेजारच्या आजीपुढे हात धरला. “आजी, ही मुंगीच ना?”

आजीने नागली पाखडणं थांबवलं नाही.

“मुंगी कदी मान वळवून बगत नाय,” ती म्हणाली.